मालिका संपली, आमची वही कशाला फाडता? ग्रुपच्या अॅडमिन मंडळींना खुले पत्र

प्रिय अॅडमिन मंडळी,

रविवारी रात्री आपल्या मालिकेचा शेवटचा भाग संपला. पडद्यावर नावं अजून वर सरकत होती, तेवढ्यात आपल्या चाहत्यांच्या ग्रुपवर तुमची पोस्ट येऊन पिनसुद्धा झाली. म्हणजे ती आधीच लिहून तयार होती. एकूण अकरा ओळी. मालिका संपली, विषय संपला, ग्रुपचं काम संपलं. तीस दिवसांनी ग्रुप आणि त्यातल्या सगळ्या पोस्ट डिलीट होतील. सभासदांना नव्या मालिकेच्या ग्रुपमध्ये हलवलं जाईल. इतकी वर्षं साथ दिल्याबद्दल आभार. खाली कॉमेंट बंद.

कॉमेंट बंद म्हणून हे असं चारचौघांत लिहावं लागतंय. खासगीत दोन निरोप पाठवले होते. वाचल्याची खूण दिसली, उत्तर आलं नाही. रागाने लिहीत नाहीये. (रविवारी लिहिलं असतं तर रागानेच लिहिलं असतं, म्हणून चार दिवस थांबले.)

आधी मी कोण ते सांगते, कारण एवढ्या हजारो सभासदांत मी तुम्हाला आठवेनच असं नाही. मी आले तिसऱ्या सीझनच्या मधोमध. त्या वर्षी घरात मोठं आजारपण चालू होतं, रात्री जागणं भाग होतं, आणि आवाज बंद ठेवून करण्यासारखी एकच गोष्ट हाताशी होती: ग्रुपवरच्या जुन्या पोस्ट वाचणं. पहिली पोस्ट टाकली ती नेमकी असा प्रश्न विचारणारी, ज्याचं उत्तर आधी निदान चाळीस वेळा देऊन झालं होतं. दोघातिघांनी "आधी शोधून बघा" म्हणून झटकलं. तुमच्यापैकी एकाने मात्र पहिल्यापासून, भागांच्या क्रमांकांसकट, सगळं समजावलं आणि शेवटी लिहिलं, "प्रश्न बरोबर आहे, घोळ लेखकांनी घातलाय." त्या एका वाक्यावर मी राहिले. आज त्याच माणसाचं नाव त्या अकरा ओळींखाली आहे. म्हणून हे जरा जास्त लागलं.

पुढे मी नोंदवही सुरू केली. "कोणाला काय कधी कळलं" या नावाची ती फाइल तुम्ही पाहिली असेल. डावीकडे पात्रं, वर भागांचे क्रमांक, आणि चौकटीत त्या पात्राला त्या भागात कळलेली गोष्ट. आठ सीझन, ११२ भाग. ती माझ्या नावावर असली तरी माझी एकटीची नाही. निम्म्याहून जास्त चौकटी इतरांनी भरल्यात आणि कितीतरी वेळा माझी नोंद खोडून बरोबर केलीय. माझा या सगळ्यात जीव का अडकलाय ते एवढ्यावरून कळावं.

आता तक्रारी. पहिली, आणि बाकी सगळ्या जिच्यातून निघतात ती: "मालिका संपली, विषय संपला" हे तुमचं वाक्य.

१९५६ मध्ये डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अभ्यासकांनी एक निबंध लिहिला होता. टीव्ही-रेडिओवरच्या माणसाशी प्रेक्षकाचं जे नातं जुळतं ते एकतर्फी असतं. आपण त्याला जवळचा मानतो, त्याला आपण आहोत हेही माहीत नसतं. त्यांनी त्याला पॅरासोशल असं नाव दिलं. मालिका संपल्यावर चाहते रडतात तेव्हा हा शब्द हमखास तोंडावर फेकला जातो. "अहो, पात्रं आहेत ती, तुमचे कोणी नातेवाईक नाहीत." बरोबर आहे. रविवारी जे संपलं ते हेच एकतर्फी नातं, आणि ते संपवायचा हक्क लेखकांना होता. पण ग्रुपमधलं नातं एकतर्फी कुठे होतं? मी प्रश्न विचारला, समोरून उत्तर आलं. मी चुकले, कोणीतरी खोडलं. पात्राने मला कधी विचारलं नाही की घरचं आजारपण कसं आहे. ग्रुपमधल्या चौघांनी विचारलं, महिना दोन महिने विचारत राहिले. ते नातं मालिकेच्या लेखकांनी लिहिलेलं नव्हतं. त्यांच्या शेवटच्या भागाने ते संपतही नाही.

घड्याळाची गोष्ट आठवते ना? पाचव्या सीझनमध्ये नायक जिना चढतो तेव्हा घड्याळ डाव्या मनगटावर आणि वर पोचतो तेव्हा उजव्या. तीन आठवडे ग्रुप पेटला होता. जुळा भाऊ आहे, स्वप्न आहे, वर पोचलेला माणूस खोटा आहे. माझी स्वतःची थिअरी जुळ्या भावाची होती आणि मी ती पाच परिच्छेदांत मांडली होती, ती आता वाचवत नाही. मग एक सभासद बाई आल्या. कधी फारसं लिहायच्या नाहीत, शिवणकाम करतात. त्यांनी फक्त एवढं लिहिलं: "शर्टाची बटणपट्टी बघा. पुरुषांच्या शर्टात डावी बाजू वर येते, उजव्या बाजूला बटणं असतात. वरच्या दृश्यात उलटं आहे." बस. सगळे मागे जाऊन बघायला लागले. बटणं उलटी, केसांचा भांग उलटा, खिसाही उजवीकडे. संकलनात ते दृश्य आरशासारखं पलटवलं होतं, बहुधा नजरेची दिशा जुळवायला. जुळा भाऊ वगैरे कोणी नव्हता. तीन आठवड्यांचा वाद एका शिंप्याच्या नजरेने तीन ओळींत मिटवला.

ही मालिकेतली गोष्ट नाही. मालिका पुन्हा पहिल्यापासून बघणाऱ्याला ती कुठेही सापडणार नाही. ती आपली आहे, आणि तीस दिवसांनी ती नसेल.

विषय संपल्यावर चाहत्यांचं काम संपतं, हे इतिहासालाही धरून नाही. शेरलॉक होम्सची शेवटची कथा छापून आली १९२७ मध्ये. कॉनन डॉयल १९३० मध्ये गेले. आणि बेकर स्ट्रीट इरेग्युलर्स ही होम्सच्या चाहत्यांची संघटना न्यूयॉर्कमध्ये सुरू झाली १९३४ मध्ये! नवीन ओळही येणार नाही हे पक्कं ठाऊक असताना. १९४६ मध्ये त्यांनी स्वतःचं नियतकालिक काढलं आणि आजही संघटना चालू आहे. त्यांच्या पहिल्या बैठकीत कोणी म्हणालं असतं, "लेखक वारले, विषय संपला," तर तिथल्या तिथे त्यांना हसून बाहेर बसवलं असतं. 'स्टार ट्रेक' ही मूळ अमेरिकन अंतराळ-मालिका तीन सीझन आणि ७९ भाग होऊन जून १९६९ मध्ये बंद झाली. तिच्या चाहत्यांचं पहिलं मोठं संमेलन भरलं जानेवारी १९७२ मध्ये, म्हणजे बंद पडल्यावर अडीच वर्षांनी. आयोजकांना काहीशे लोक येतील असं वाटलं होतं, तीन हजारांच्या वर आले. ती मालिका चालू असताना जेवढी मोठी होती, त्याहून बंद पडल्यावर मोठी झाली.

इथे एक गोष्ट लगेच स्पष्ट करते, नाहीतर माझं बोलणं भलतीकडे नेलं जाईल. 'स्टार ट्रेक' चित्रपट होऊन १९७९ मध्ये परत आली, 'डॉक्टर हू' ही बीबीसीची मालिका १९८९ मध्ये थांबली आणि २००५ मध्ये परत सुरू झाली, ही उदाहरणं चाहते देवाच्या नावासारखी जपतात. मी त्यासाठी लिहीत नाहीये. बहुतेक मालिका परत येत नाहीत आणि आपलीही येऊ नये असंच मला वाटतं. शेवट चांगला होता. शेवटच्या दाराच्या दृश्याबद्दल माझं वेगळं मत आहे, पण ते इथे नको.

दुसरी तक्रार डिलीट या शब्दाबद्दल. ग्रुप थांबवणं आणि ग्रुप मिटवणं या दोन गोष्टी आहेत, हे तुम्हाला मी सांगायला नको. आपण जिथे आहोत तिथे ग्रुप थांबवून ठेवायची सोय आहे. वाचता येतं, शोधता येतं, नवीन कोणी लिहू शकत नाही. खर्च शून्य, मॉडरेशन शून्य. तरी तुम्ही दुसरा पर्याय निवडलात. का, ते अकरा ओळींत कुठे नाही.

'डॉक्टर हू'चं नाव निघालंच आहे तर तिची खरी शिकवण ही आहे. बीबीसीने साठ-सत्तरच्या दशकांत आपल्या असंख्य कार्यक्रमांच्या टेप पुसून टाकल्या. टेप महाग, पुन्हा दाखवायचा संभव कमी, कपाटात जागा नाही. त्या काळाच्या हिशेबाने त्यांना ते वेडेपणाचं वाटलं नाही. त्यात या मालिकेचे नव्वदहून जास्त भाग गेले ते आजही सापडलेले नाहीत. चित्र गेलं. आवाज मात्र त्या प्रत्येक भागाचा आज उपलब्ध आहे, कारण घरोघरी काही चाहते, त्यांतले कितीतरी शाळकरी वयाचे, प्रक्षेपण चालू असताना टेपरेकॉर्डर लावून ते टिपून ठेवत होते. पुढे त्याच आवाजावर नवी अॅनिमेशन चित्रं बसवून काही हरवलेल्या कथा पुन्हा प्रसिद्ध झाल्या. संस्थेने पुसलं आणि चाहत्यांनी राखलं. आपल्याकडे नेमकं उलटं चाललंय. मालिका सुखरूप आहे, हवी तेव्हा बघता येते. चाहत्यांनी केलेलं काम चाहतेच पुसायला निघालेत.

आणि पुसलं गेलेलं परत मिळत नाही, हे आपल्या पिढीला तरी वेगळं सांगायला नको. जिओसिटीज, म्हणजे लोकांनी फुकट आपली वेबपानं मांडायची जागा, २००९ मध्ये बंद झालं. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं; तिथल्या कम्युनिटींचा वाचण्यापुरता संग्रह काही काळ ठेवला होता, तोही २०१७ मध्ये काढून टाकला. याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० मध्ये संपलं, आणि त्यातला मजकूर त्याच्या वर्षभर आधीपासूनच काढायला घेतला होता. तिन्ही वेळा स्वयंसेवकांनी रात्रंदिवस बसून मिळेल तेवढं उतरवून घेतलं, आणि तरी बरंच निसटलं. पण तिथे निर्णय कंपन्यांचा होता. आपल्यावर कोणतीही कंपनी बंद व्हा म्हणत नाहीये.

तिसरी तक्रार मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि ती माझ्यासाठी नाही. आपल्यात पाच-सहा दृष्टिहीन सभासद आहेत. दुसऱ्या सीझनमध्ये त्यांच्यापैकी एकाने विचारलं होतं, "शेवटची चार मिनिटं नुसतं संगीत होतं. काय झालं ते कोणी सांगेल का?" एका ताईंनी सांगितलं. त्याच रात्री, झोपायच्या आधी, कोण कुठे उभं होतं, कोणी कोणाकडे बघितलं, पत्र फाडलं की घडी करून ठेवलं. मग ती पद्धतच पडली. प्रत्येक भागातली बिनसंवादाची दृश्यं त्या रात्रीच शब्दांत लिहायची. ताई आता नाहीत. सहाव्या सीझननंतर ते काम तिघांनी वाटून घेतलं, पण लिहायची रीत त्यांचीच: आधी जागा, मग माणसं, मग हात काय करतायत, आणि चेहऱ्याबद्दल शक्य तितकं कमी, कारण "चेहऱ्यावरचं दुःख मला दिसलं, त्यांना ते ठरवू द्या." असं वाक्य मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

मालिकेला अधिकृत ध्वनिवर्णन कधीच नव्हतं. उद्या एखादी न बघू शकणारी व्यक्ती ही मालिका पहिल्यांदा ऐकायला बसली तर तिच्यासाठी जगात एकच आधार आहे, तो आपल्या ग्रुपमधल्या त्या शंभरावर पोस्ट. त्यांच्यावर डिलीटचं बटण दाबायच्या आधी तुम्ही त्या उघडून पाहिल्या होत्या का? खरंच विचारतेय, टोमणा नाही.

यातूनच आणखी एक मुद्दा येतो. मालिका संपली ती प्रसारणाच्या वेळापत्रकाची. बघणाऱ्याची मालिका तो बघायला बसतो तेव्हा सुरू होते. शेवटचा भाग गाजला की लोक पहिल्या भागाकडे वळतात, दर मोठ्या मालिकेचं हेच होतं. म्हणजे नवे लोक येण्याचा काळ आत्ता सुरू होतोय, आणि माझ्यासारखा चाळीस वेळा विचारलेला प्रश्न विचारायला ते येतील तेव्हा दारावर पाटीही नसेल. जुन्यांचंही काम संपलेलं नाही. शेवट कळल्यावर पहिल्या सीझनमधली आई जेवायला हाक मारते ते साधं दृश्य आता साधं राहिलंय का? आठ वर्षं आपण अंदाज बांधले. ते तपासून बघायची वेळ आत्ता आलीय, आणि कागद जाळायला काढलेत.

चौथी तक्रार थोडक्यात. सभासदांना "हलवलं जाईल" म्हणे. आम्ही काय खुर्च्या आहोत, एका मांडवातून उचलून दुसऱ्यात लावायला? नवी मालिका चांगली असेल, तिचा ग्रुप जरूर काढा, बोलावलंत तर मीही येईन. पण न विचारता हजारोंची भरती करून पहिल्याच दिवशी भरलेला ग्रुप दाखवणं बरं दिसत नाही. यामागे तसा हेतू नसेलही. दिसतं मात्र तसं.

आता तुमची बाजू. ती मला दिसते, आणि ती लिहिली नाही तर हे पत्र अर्धं खोटं ठरेल.

तुम्ही थकला आहात. रविवारी रात्री भाग संपला की तुमची पाळी सुरू व्हायची. स्पॉयलर टाकणारे, म्हणजे न बघितलेल्यांपुढे गोष्ट फोडणारे, फुटलेल्या भागाची लिंक टाकणारे, दोन पात्रांच्या जोडीवरून एकमेकांच्या घरच्यांपर्यंत पोचणारे. सातव्या सीझनच्या वेळी त्या अभिनेत्रीबद्दल जे गलिच्छ लिहिलं गेलं ते तुम्ही पहाटे तीनपर्यंत बसून काढलंत. सकाळी आम्हाला स्वच्छ ग्रुप दिसला, त्यामुळे रात्री काय झालं ते बहुतेकांना कळलंही नाही. आठ वर्षं हे फुकट केलंत. शिव्या मिळाल्या त्या वेगळ्या. माणसाला हे सोडून द्यावंसं वाटलं तर त्याला दोष देणारी मी कोण?

पण मग तसं सांगायचं होतं. "आम्ही थकलो, कोणी पुढे येईल का?" एवढी एक ओळ. त्याऐवजी "विषय संपला" असं लिहिलंत, आणि तुमच्या थकव्याची जागा आमच्या निरर्थकपणाने घेतली. मागच्या वर्षात निदान दोघांनी मदतीची तयारी दाखवली होती, एक मी. उत्तर आलं नाही. तुम्ही सोडून जाताय याचं दुःख आहे, तक्रार नाही. जाताना किल्ली कोणाच्या हातात देण्याऐवजी घरच पाडताय, एवढीच काय ती तक्रार.

ग्रुपमध्ये असेही बरेच आहेत ज्यांना वाटतं की शानदार शेवट करून थांबावं. त्यांचं म्हणणं मी टाकाऊ मानत नाही. मरत चाललेले चाहत्यांचे ग्रुप मी पाहिलेत. सकाळी फुलांची चित्रं, दुपारी कोणाची तरी जाहिरात, संध्याकाळी तोच तो जोडीचा वाद तेच ते चौघं घालतायत, आणि बाकी हजारो मूक. असा ग्रुप मलाही नको. त्यापेक्षा बंद झालेला बरा. म्हणून मी सगळं जसंच्या तसं चालू ठेवा म्हणतच नाही. भागाच्या रात्रीची चर्चा गेली, ती जाऊ दे. मतदान, अंदाज, मीम स्पर्धा, सगळं बंद करा. अभिनेत्यांच्या खासगी आयुष्यावरच्या पोस्ट तर कधीच बंद व्हायला हव्या होत्या. राहावं ते एवढंच: जुना संग्रह, नव्या माणसांच्या प्रश्नांसाठी एक जागा, आणि ज्यांना पहिल्यापासून पुन्हा बघायचंय त्यांचा रीवॉच. यातलंही वर्षभराने कोणी उरलं नाही तर ग्रुप थांबवा, मी स्वतः तसा ठराव मांडेन. पण थांबवा. मिटवू नका.

एक आक्षेप खरा आहे आणि त्यावर मी बराच विचार केला. जुन्या पोस्टमध्ये लोकांचं खासगी पुष्कळ आहे. मीही त्या आजारपणाबद्दल लिहून बसलेय. दहा वर्षांनी ते कोणाच्या हाती लागावं असं सगळ्यांना वाटणार नाही. यावर तोडगा इतरांनी आधीच काढून ठेवलाय. चाहत्यांच्या लेखनासाठी स्वयंसेवकांनी देणग्यांवर चालवलेलं 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' २००९ पासून आहे. तिथे लेखकाला आपलं लेखन पूर्ण काढता येतं, किंवा फक्त त्यावरचं आपलं नाव काढता येतं. लेखन राहतं, माणूस दिसेनासा होतो. त्यांचा 'ओपन डोअर्स' नावाचा उपक्रम बंद पडायला आलेले चाहत्यांचे जुने संग्रह सामावून घेतो आणि त्या वेळी मूळ लेखकांना कळवण्याचा प्रयत्न करतो. आपल्याला एवढं मोठं काही करायचं नाही. नाव ठेवू, नाव काढू, की पोस्टच काढू, एवढं प्रत्येकाला विचारायचं आहे. उत्तर न देणाऱ्यांची नावं काढून मजकूर ठेवू. ज्या पोस्टमध्ये उघड खासगी आहे त्या बाजूला ठेवू. काम किचकट आहे. माणसं आहेत.

तर मागण्या या.

डिलीट करण्याची तारीख मागे घ्या. कायमची मागे घेता येत नसेल तर निदान सहा महिने पुढे ढकला. तीस दिवसांत हजारो लोकांना विचारणं शक्य नाही, आणि बऱ्याच जणांचा शेवटचा भाग अजून बघायचा राहिलाय. त्यांनी स्पॉयलरच्या भीतीने ग्रुप उघडलेलाही नाही.

सभासदांचं मत घ्या. चालू ठेवायचा, थांबवून ठेवायचा की मिटवायचा, असे तीन पर्याय, दोन आठवडे मुदत. मिटवायचा असा कौल आला तर मी गप्प बसेन. संग्रह उतरवून घ्यायला तेव्हा मुदत मागेन, बाकी काही नाही.

दृश्यवर्णनाच्या पोस्ट आणि नोंदवही यांची प्रत निकालाची वाट न बघता आजच काढू द्या. ते काम करायला चौघं तयार आहेत. अॅडमिनची परवानगी असल्याशिवाय जुन्या पोस्ट एकत्र उतरवता येत नाहीत, म्हणून अडलंय. वर्णन लिहिणाऱ्या तिघांची संमती मी घेतलीय. ताईंच्या मुलीलाही विचारलं. ती म्हणाली, आईचं नाव राहू द्या.

ज्यांना सोडायचंय त्यांनी सन्मानाने सोडावं, आणि तीन नवे अॅडमिन नेमावेत. मला नेमा असं म्हणत नाही. मी भांडखोर आहे, मॉडरेटर म्हणून वाईट ठरेन. नावं सुचवायला तयार आहे.

कोणालाही न विचारता नव्या ग्रुपमध्ये टाकू नका.

आणि पिन केलेल्या पोस्टखालच्या कॉमेंट उघडा. पहिल्या दोन दिवसांत तुम्हाला बरंच काही ऐकून घ्यावं लागेल. त्यात कोणी पातळी सोडली तर त्याला थांबवायला मी आणि आणखी काही जण तिथे बसू. तुम्ही पहाटे तीनपर्यंत जागू नका.

या पत्राखाली ज्यांना सही करायची आहे त्यांनी करावी. सही करताना अॅडमिनपैकी कोणाबद्दल वाईटसाईट लिहिणाऱ्याची कॉमेंट मी काढून टाकीन, आधीच सांगून ठेवते.

दरम्यान, येत्या रविवारी रात्री नेहमीच्या वेळेला पहिल्या सीझनचा पहिला भाग लावतोय. आतापर्यंत एकोणीस जण येतो म्हणालेत, त्यातल्या दोघी मालिका पहिल्यांदाच बघणार आहेत. तेव्हा स्पॉयलरचा नियम पूर्वीसारखाच, तुम्हीच लिहिलेला. पहिल्या भागात नायकाचं घड्याळ कोणत्या हातात आहे ते कोणीच नोंदवलेलं नाही असं काल लक्षात आलं. ती चौकट रिकामी आहे. जमलं तर तुम्हीही या.

तुमची,
नोंदवहीवाली